स्टुलावरची विद्यार्थिनी

मी आज जो काही आहे तो गडचांदूरच्या शकूरचाचांमुळे. म्हणून आधी त्यांचं नाव घेतो, मग बाकीचं.

बस स्टँडजवळ त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. माझे वडील चुनखडीच्या खाणीवर कामाला, घरात कुणी मॅट्रिकपर्यंत पोहोचलेलं नाही. लग्नसराईत मी चाचांसोबत लाईट धरायला जायचो आणि एरवी त्यांच्या काउंटरमागे बसून अभ्यास करायचो. घरी तेवढी जागा नव्हती. दहावीनंतर वडील मला खाणीवर लावायला निघाले, तेव्हा चाचा घरी आले आणि म्हणाले, "इसको खदान मत दिखाओ भाऊ, कॉलेज दिखाओ. मैं बोल रहा हूँ ना." मी बीएस्सी झालो, बीएड झालो, गडचिरोली जिल्ह्यात एका निवासी शाळेवर विज्ञान शिक्षक म्हणून लागलो. निघताना चाचांनी त्यांचा जुना हँडीकॅम माझ्या पिशवीत टाकला. "शादी में अब ये नहीं चलता. बच्चों के काम आएगा."

हे सांगायचं कारण, जे घडलं ते या कॅमेऱ्यासमोर घडलं... समोर म्हणता येणार नाही. बाजूला.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जिभेवर कापूर पेटवून दाखवणारा, लिंबातून 'रक्त' काढून त्यामागचं रसायन समजावणारा आमच्या शाळेतला मास्तर मीच. तेव्हा वाचणाऱ्यांनी मला हसावं, माझी हरकत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हसलोच असतो.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या हिवाळ्यातली. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना एका फाट्यावर एसटी सोडते, तिथून आत चालत गेलं की शाळा. नाव देत नाही, मुली अजून तिथं शिकतात. वर्ग सातवीचा. मी ठरवलं होतं की प्रत्येकानं आपल्याला नीट येणारी एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर शिकवायची. पळसाच्या पानांचा द्रोण, सायकलचं पंक्चर, दशांशाचा भागाकार, काहीही. मग शनिवारी दुपारी लाईट असेल तर सगळ्यांनी मिळून ते टीव्हीवर बघायचं आणि ज्याचं त्यानं बोलायचं: कुठं समजलं, कुठं बघणारा अडकेल, पुन्हा केलं तर काय बदलू. या तासाला आम्ही 'पाहणी' म्हणायचो.

पहिल्या दिवशी मंगरू चेहऱ्याला पावडर थापून आला.

"काऊन रे?"

"शूटिंग हाय नं जी सर!"

या पोरांनी कॅमेरा पाहिला होता तो फक्त लग्नात. लग्नात कॅमेरा पंगतीवरून फिरतो आणि माणसं न बोलता नुसती हसतात. तेच यांनी केलं. हातात पंक्चरची ट्यूब धरून मंगरू हसत उभा राहिला. द्रोण शिकवणारी जैवंती तर तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेऊन बसली.

तेव्हा मला चाचांची युक्ती आठवली. नवरी कॅमेऱ्यापुढे गोठली की ते तिच्या धाकट्या बहिणीला कॅमेऱ्याच्या बाजूला बसवायचे. "काच से कोई बात नहीं करता बेटा. इन्सान से करता है." पण शिकवायचं तर समोर न येणारं कुणी हवं, आणि आमच्या वर्गात द्रोण-पंक्चर सगळ्यांनाच येत होतं! मग मी प्रयोगशाळेतलं एक स्टूल कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवलं. रिकामंच. म्हटलं, "इथं एक जण बसलाय ज्याला यातलं काहीच येत नाही. त्याला शिकवा. कॅमेऱ्याकडे बघूच नका."

काय फरक पडला म्हणून सांगू! हात सावकाश चालू लागले. मंगरू ट्यूब पाण्यात बुडवून थांबायचा, बुडबुडा दिसेपर्यंत पुढे जायचा नाही. जैवंती मध्येच थांबून म्हणायची, "तसं नाई, पान उलटं धर. हं... आता काडी." बीएडला आम्हाला वर्षभर जे शिकवलं ते ही पोरं एका स्टुलावर शिकली. मी इतका खूश होतो की कशाची शंकाच आली नाही.

शंका आली ती पाहणीच्या तासाला. जैवंतीचा व्हिडिओ लागला होता. एका जागी ती काहीतरी ऐकते, मान हलवते आणि उत्तर देते, "वाळलेलं नाई चालत, तुटते." प्रश्न टेपवर नव्हता. कॅमेरा मी धरला होता, मीही काही विचारलेलं नव्हतं.

मी सहज म्हटलं, "छान. बघणाऱ्याला काय अडेल ते मनातच ओळखलंस."

"मनात कुठी सर? तिनं विचारलं नं."

"कोणी?"

मी काही भलतंच विचारल्यासारखी पोरं माझ्याकडे पाहू लागली. मग मंगरू म्हणाला, "स्टुलावर बसते ते पोट्टी जी. लहान हाय. केस कापलेले. हिरवा फ्रॉक."

"तुम्हाला सगळ्यांना दिसते?"

"तुमाले नाई दिसत?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. भीती कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. तेच मला जास्त लागलं.

मी ठरवलं, पोरं मिळून मास्तरची फिरकी घेताहेत. त्यांना न सांगता पुढच्या रेकॉर्डिंगला मी स्टूल काढून ठेवलं. त्या दिवशी भागाकार शिकवणारा मुलगा फळ्यापाशी आला, त्यानं डावीकडे पाहिलं आणि नजर खाली नेली. अगदी जमिनीलगत. पूर्ण वेळ तो तिथंच बघून बोलला, अंक खालून दिसावेत म्हणून एकदा बाजूलाही सरकला. त्याच्या नंतरच्या मुलीनंही तेच केलं. ती तोवर बाहेर होती, आधीच्याचं काही तिनं पाहिलं नव्हतं.

"खाली काय बघत होतीस गं?"

"स्टूल नाई तं ते खाली बसली नं सर."

ती टेप मी नंतर किती वेळा पाहिली... मुलांच्या नजरा एकाच जागी, एकाच उंचीवर. टेपवर तेवढंच आहे. बाकी काही नाही.

खरा प्रश्न सुरू झाला तो जैवंतीचा. ही मुलगी तिच्या टोल्यातून, म्हणजे पाड्यातून, सातवीपर्यंत आलेली पहिली. वाचायची हाव अशी की वाण्याच्या पुड्यांचे कागदही सोडायची नाही. मला तिच्यात कोण दिसायचं हे सांगायला नको. ती जेवेनाशी झाली. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन बसायची आणि गोंडीत हळूहळू बोलायची. मी जवळ बसलो आणि विचारलं.

"ते रडते सर. आपण द्रोण शिकवतो, पंक्चर शिकवतो... तिले ते नाई शिकाचं. लोन, लोन करते."

लोन म्हणजे घर, एवढं गोंडी मला येत होतं.

"तिले घरी कसं जाचं ते शिकाचं हाय. वाट येत नाई तिले."

"घर कुठं आहे तिचं?"

"आमच्याच वाटेनं. नाला, मंग सागाचं रान, मंग देवाचा दगड. त्याच्या पलीकडं."

मुख्याध्यापक बोरकर सर भले माणूस, पण घाबरले. "या शाळेत आजवर एकही लेकरू दगावलं नाही, देवाशपथ. आणि हे पालकांच्या कानावर गेलं तर वसतिगृह रिकामं होईल. तुमचा तो कॅमेरा आधी कपाटात टाका." त्यांनी जैवंतीच्या वडिलांना निरोप धाडला. माझा जीव त्यातच अडकला होता. मधेच घरी गेलेल्या मुली परत येत नाहीत, हे मी दोन वर्षं पाहत होतो.

तिचे वडील, दसरूभाऊ, दुसऱ्याच दिवशी आले. खांद्यावर कुऱ्हाड, अंगात धुतलेली बंडी. पोरीचं सगळं उकिडवं बसून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता पुजाऱ्याचं नाव काढतील. ते म्हणाले, "वाट सांगून नाई येत गुरुजी. एक डाव संग जावं लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सोडून द्याचं तिले. लहान पोर हाय म्हणते नं हे." मग मुलीकडे वळून, "तिले सांग, बाप हाय संग. भिऊ नको म्हणा."

जैवंती म्हणाली, "सर, कॅमेरा घ्या. मी शिकवत-शिकवत जातो." बोरकर सरांनी किल्ली पुढे केली. मी कपाट उघडलं.

सकाळच्या उन्हात निघालो. पुढे दसरूभाऊ, मध्ये जैवंती, मागे मी. कॅमेरा आणि तिच्यात अंतर ठेवायला तिनं मला बजावलं होतं, कारण ते अंतर रिकामं नव्हतं... तिच्या मते. ती मागे वळून, स्वतःच्या कमरेएवढ्या उंचीकडे बघत बोलत होती. टेपवर अजून ऐकू येतं: "हे मोहाचं झाड पाहून ठेव, इथून उजवीकडं. नाल्यात हिरव्या दगडावर पाय नको देऊ, घसरते. आता तू सांग, कोणतं झाड?" आणि थांबते. आणि मग म्हणते, "हं. बरोबर." सागाच्या रानात वाळली पानं इतकी, की आम्हा तिघांच्या पावलांचा आवाज कॅमेऱ्यातही मोठा येतो. पण आम्ही फार हळू चालत होतो. रोज या रानात झपाझप चालणारा माणूस, दसरूभाऊ, तोही पावलं आखूड टाकत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

शेंदराचा टिळा असलेल्या दगडापाशी जैवंती थांबली. पलीकडे नुसती झुडपं. तिनं हात वर केला, आपण एसटीतल्या माणसाला करतो तसा.

"इथून तिले माहीत हाय म्हणते."

मी दसरूभाऊंना विचारलं, "तिकडं कोणतं गाव आहे?"

"नाई आता. पहिले टोला होता. मंग उठला."

"का उठला?"

"उठतात जी टोले," ते म्हणाले आणि दगडाकडे पाठ न करता दोन पावलं मागे सरले. मीही तसंच केलं. कापूर खाणारा मास्तर.

तिथून त्यांचं गाव जवळ होतं. दसरूभाऊ पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "थकली हे. राहू द्या घरी काही दिस." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? एकटाच परतलो. प्रयोगशाळेतलं स्टूल जागेवर ठेवून पुन्हा रेकॉर्डिंग केलं, तर पोरं आपली कॅमेऱ्यात बघून लग्नातल्यासारखी हसायला लागली. "आता नाई येत ते," मंगरू म्हणाला. होळी झाली. मोहाचा हंगाम लागला. जैवंती आली नाही. मी निरोप पाठवला, उत्तर आलं, मोह संपला की बघू.

एकाचं ऐकून दुसऱ्यानं पाहिलं, असं असेल. लहान मुलांत तसं होतं, मी वाचलंय. पण त्यात बाहेर उभी असलेली मुलगी बसत नाही, आणि पुढचं तर कशातच बसत नाही. ते मी त्या वेळीच चाचांना लिहून कळवलं होतं. चाचा आता नाहीत. त्यांच्या मुलानं जपून ठेवलेली माझी पत्रं मला परत दिली, त्यातलं हे. नव्यानं सांगायला बसलो तर नकळत रंग चढेल, म्हणून जसंच्या तसं देतो.

*

चाचा, सलाम.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ती हुशार मुलगी आता परत येणार नाही. माझं चुकलं. काल दुपारी आली. मी वर्गावर होतो, बघतो तर दारात उभी. पाय धुळीनं पांढरे, अंगाला मोहाचा वास. पहिला प्रश्न काय, "परीक्षा कवा हाय सर?"

सोबत कुणी नव्हतं. त्यांच्या गावात सध्या लहानथोर सगळे मोहाच्या झाडाखाली असतात. तिला सोडायला कुणाला वेळ नाही, म्हणूनच तर बापानं थांबवलं होतं. आणि या दिवसांत फुलं खायला अस्वलं येतात. मी घाबरून ओरडलोच तिच्यावर, "त्या रानातून एकटी आलीस?"

"एकटी नाई आली सर."

"मग कोण होतं?"

"ते. दगडापाशी उभी होती. तिले येते नं आता वाट. नाल्यावर कोणत्या दगडावर पाय द्याचा ते तिनंच सांगतलं मले. शाळा दिसली तवा म्हणे, जा आता."

मी विचारलं, "आणि ती?"

"गेली घरी."

एवढं बोलून ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि मंगरूकडं गणिताचं पुस्तक मागितलं. रात्री ताटातलं सगळं जेवली. आज सकाळी दसरूभाऊ धावत आले होते. पोरीला वर्गात पाहिलं, बाहेरच बसून बिडी ओढली आणि तिला न नेताच परत गेले. म्हणाले, आली तं शिकू द्या.

चाचा, मला याचा अर्थ लावता येत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यानं असं लिहू नये, पण तुम्हाला मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. एक मागणं आहे. येत्या शुक्रवारी या दोघींसाठी दुवा करा. एकीचं नाव जैवंती. दुसरीचं आम्हाला कुणालाच माहीत नाही. एवढे दिवस ती आमच्या वर्गात बसली, पण नाव विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही.

नाव माहीत नसलं तर दुवा पोहोचते का? तेवढं कळवा.

तुमचा,
राजू