आवयला मागे सरकवलं

सायली, ओम,

तुम्ही पाठवलेलं मिक्स मी तीनदा ऐकलं. "आजी, फीडबॅक दे, आणि खरा दे," असं लिहिलंत. देते. पण आधी हे वाचा. तुमच्या मिक्समध्ये तुमच्या पणजीचा, माझ्या आवयचा, आवाज ड्रमच्या मागे गेला आहे, आणि तिला मागे सारणारी पहिली मीच होते. हे मी तुमच्या बाबालाही कधी सांगितलेलं नाही.

भाटकारांच्या, म्हणजे आमच्या जमीनमालकांच्या, बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर, सात-आठ माणसं बसली होती. मेजावर त्यांचा मोठा स्टिरिओ, त्यात माझी कॅसेट. धाकटे भाटकार सदानंदबाब टेप पुढे पळवायचे, मध्येच थांबवायचे. थांबवली की आवयचा आवाज यायचा आणि माणसं हसायची.

"गाणें म्हणटा काय काजींतलीं माकडां धांवडायता गो ही?" सदानंदबाबांनी मला विचारलं.

आवय खाली पायरीवर बसली होती. हातात चहाचा कोपा. तो कोपा आमच्यासाठी वेगळा ठेवलेला, पायरीच्या कोपऱ्यात उपडा. चहा पिऊन झाला की आम्हीच विसळायचा आणि परत उपडा घालायचा. माणसं हसली तशी आवयही हसली. मला ते हसणं सगळ्यांत जास्त लागलं.

मी वर उभी. बी.ए. झालेली, डिचोलीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी. समोर एक खुर्ची रिकामी होती. बस असं कुणी म्हणालं नाही, आणि मी बसले नाही.

आम्ही त्यांचे मुंडकार. लाटंबार्शाला त्यांच्या काजूच्या भाटात आमचं घर. जमीन त्यांची, घर आमचं, आणि घरातली माणसं कुणाची हे त्यांच्या मनात पक्कं होतं. कायदे झाले तरी पायरी तिथेच होती.

आम्ही तिथे का गेलो, ते सांगते. कोकणी राजभाषा झाली होती. गोवा घटकराज्य होणार होता. तालुक्याच्या सोहळ्यात आपल्या मातीतली गाणी हवीत असं ठरलं, आणि ती निवडायचं काम सदानंदबाबांकडे आलं. ज्या घरात आमच्या बोलण्याच्या नकला व्हायच्या, त्या घराला एकदम धालो हवे झाले. मला वाटलं, आता तरी आवयचं गाणं कुणी ऐकेल.

धालोत बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी तिला जाप, म्हणजे उत्तर, देते. आवयच्या समोरच्या रांगेत पुढे म्हणायची शेवंतमावशी, ती वारली. बाकीच्या सुना खाणीवर कामाला लागल्या. एका गाण्याचे बोल आता फक्त आवयला येत होते. एकट्या बाईने दोन रांगा कशा म्हणायच्या?

मी उपाय काढला. घरात एक टेपरेकॉर्डर होता, दुसरा शाळेतल्या बाईंकडून मागून आणला. पहिल्यावर आवयची एक रांग भरली. मग ती वाजवायची, आवयने समोर बसून दुसरी रांग म्हणायची, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरायचं. पहिल्या खेपेला आवय गप्पच. मी बटण बंद केलं.

"आये, म्हण मगे!"

"तिचें सोंपूं दी. मदीं कशें म्हणूं?"

स्वतःच्याच आवाजाला ती वाट देत होती. तिसऱ्या खेपेला तिने जाप दिली. एक आवय दोन रांगांत उभी होती. मागे टेपची खरखर होती. मध्येच कोंबडा आरवला. मी ते राहू दिलं.

तीच कॅसेट भाटकारांच्या बाल्कांवात वाजत होती.

माणसं हसून झाल्यावर सदानंदबाब गंभीर झाले. त्यांना गाण्यातलं कळतं असं सगळे म्हणत. "गाणें बरें आसा," ते म्हणाले. "पेटी घाल. आनी आवयचो आवाज मागें व्हर. फुडें म्हजी पुतणी म्हणटली. ही कॅसेट आसूं दी हांगा."

"बरें, बाब," मी म्हटलं.

हे दोन शब्द मी आजवर विसरलेले नाही. वर्गात चाळीस मुलांना मान वर करून उत्तर द्यायला शिकवायचे, आणि तिथे "बरें, बाब".

घरी आल्यावर मी पुतणीच्या मागे वाजवायची नवी कॅसेट भरायला लागले. पेटी घेतली. धालोला पेटी नसते, वाद्यच नसतं, हे मला माहीत होतं. तरी घेतली. आणि आवयचा आवाज मागे न्यायचा होता. पोरांनो, तुमच्याकडे त्याला बटण आहे. माझ्याकडे नव्हतं. आवाज मागे न्यायचा तर माणूसच मागे सरकवायचा, दुसरा मार्ग नव्हता.

"आये, मातशी मागें बस."

ती सरकली. मी भरून ऐकलं. आवाज अजून पुढेच.

"आनीक मागें."

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. तरी तो आवाज पेटीला दाबत होता. मी वैतागले. मान वर न करताच हाताने खूण केली, आणखी मागे. पुन्हा भरलं. या खेपेला जमलं. पेटी स्वच्छ, आवय पुसट. मी खूश होऊन वर पाहिलं.

आवय मागच्या दाराबाहेर, पायरीवर बसली होती. गुडघे जवळ घेऊन, पदर सावरून. भाटकारांकडे बसते अगदी तशी.

"हांगा बरें मगे?" तिने विचारलं.

माझ्या घरात. माझ्या सांगण्यावरून. भाटकारांनी तिला पायरीवर बसवलं तेव्हा मला राग आला होता. आता तिथे भाटकार नव्हते. मीच होते.

मी तिला आत बोलावलं आणि भरलेलं ऐकवलं. तिने कान टेपरेकॉर्डरला लावला.

"हांव खंय आसां गो हातूंत?"

ती त्यात स्वतःला शोधत होती. मी ती कॅसेट तिच्यासमोर पुसली.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. आवय सवयीने पायरीवर बसली, सवयीने कोपा आला. बाल्कांवात पुतणीने म्हटलेलं गाणं वाजत होतं. माझ्या कॅसेटवरूनच तिने ते उचललं होतं. पेटी, तबला, सगळं नीट.

"सांग गो टीचर, कशें जालां?" सदानंदबाबांनी विचारलं. त्यांना 'बरें' ऐकायचं होतं.

मी रिकाम्या खुर्चीवर बसले.

"सूर बरो आसा, बाब. पूण एकूच रांग आसा. विचारता ती आसा, जाप दिवपी कोण ना. धालांक पेटी नासता. आनी गाणें म्हज्या आवयचें. ती म्हणटली जाल्यार आसूं दी. ना जाल्यार म्हजी कॅसेट दियात."

"तुज्या आवयक स्टेजीर चडोवं? फुडें मंत्री बसतले, कळटा मगे?"

"कळटा. म्हणूनच म्हणटां."

या वेळी कुणी हसलं नाही. मेजावर माझी कॅसेट पडली होती. ती मी उचलली. आवयला म्हटलं, "आये, वयर यो. हांगा बस."

ती वर आली नाही. खोटं कशाला सांगू? पण ती उठली, हातातला कोपा पायरीवर ठेवला, आणि न विसळता, उपडा न घालता चालू लागली. तिच्या पाठोपाठ मी.

सोहळ्यात ते गाणं पुतणीनेच म्हटलं. टाळ्या पडल्या असं कळलं. आम्ही गेलो नाही. महिन्याभरात आमच्या दारासमोरून जाणारी वाट भाटकारांनी काटे घालून बंद केली. आवय वारली तोवर आम्ही ओहळाला वळसा घालून ये-जा केली. माफी कुणी मागितली नाही. मीही आवयची नीट मागितली नाही.

आता तुमचं मिक्स. मी वहीत वेळ लिहून ऐकलं आहे. चाळीस सेकंदांवर ड्रम येतो आणि आवय मागे जाते. एक मिनिट दहाला दुसरी रांग तुम्ही कापली, "रिपीट होतंय" म्हणून. ती रिपीट नाही, ती जाप आहे. खरखर साफ करताना तिचा श्वासही पुसला गेला. कोंबडा काढला तो का काढलात, मला समजलं नाही. ड्रम तुमचा आहे, तो ठेवा, पण तिच्या मागे ठेवा. तुम्ही प्रेमाने केलंत, हे मला ठाऊक आहे. मीही प्रेमानेच पेटी घेतली होती.

असंच राहणार असेल तर हे कुठेही टाकू नका. माझी परवानगी नाही. तिला मागे बस असं या घरात आता कुणी म्हणायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

तुम्हाला नक्कल दिली ती मूळ कॅसेट माझ्या कपाटात आहे. काल लावून पाहिली. वाजते. खरखर आहे, कोंबडा आहे, आणि दोन्ही रांगांत आवय आहे.