तिसऱ्यांदा उठलेली वाडी

म्हाळसा लग्न होऊन भीमेच्या काठी आली, तेव्हा तिचे सासरे मेंढरांमागं हिंडत होते. वाडी म्हणजे धनगरांची चार घरं, बिरोबाचं देऊळ आणि खाली पसरलेली वाळू. सासरे सांगायचे, पहिली वस्ती आता नदी वाहते तिथं होती, पुरानं नेली. दुसऱ्यांदा वर सरकून घरं बांधली. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, आणि पहिल्या वस्तीचं नावही कुणी काढेना.

मग पात्रात वाळू उपसायच्या बोटी आल्या. दिवसभर घरघर चालायची. जिथून म्हाळसा उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडं जायची, तिथं शेजाऱ्याची म्हैस उतरली ती वर आलीच नाही. म्हाळसाचा मुलगा संपत वाळूचा ठेका घेतलेल्या पोपटरावांच्या बोटीवरच कामाला होता.

फाल्गुनात गोठ्यामागच्या जमिनीला भेग पडली. संपतनं मुरूम टाकून ती बुजवली. आठवडाभरात मुरूम आत गेला. म्हाळसा भेगेपाशी बसली तर खालून गार वारं अंगाला लागलं. शेरडं गोठ्यात शिरेनात, दाव्याला ओढ देऊन अंगणातच उभी राहायची.

वर माळावर छप्पर घालू, असं ती संपतला सांगून दमली. पोपटराव येऊन पाहून गेले. उन्हानं जमीन तडकतीच, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांची बोट नेमकी वाडीच्या खाली लागली.

म्हाळसा कुणाशी भांडली नाही. देवाचे टाक, भांडीकुंडी, शेरडं आणि पोटुशी सून सोनम, एवढं घेऊन ती माळावरच्या एका रिकाम्या पत्र्याच्या शेडात राहायला गेली.

"आत्या, लोक हसत्यात," सोनम म्हणाली.

"हसू दे. तू चल."

चौथ्या दिवशी दुपारी संपत बोटीवरून तणतणत वर आला. आईनं गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. जेवून घे, मग बोल, म्हणाली.

दुसरा घास हातात असतानाच खालून धडधड आवाज आला आणि शेडाचे पत्रे थरथरले. संपत धावला. गोठा नव्हता, घर नव्हतं. अख्खा काठ बोटीवर कोसळला होता. बोटीवरच्या दोन परप्रांतीय मजुरांपैकी एक पोहून बाहेर आला. दुसरा सापडला नाही. सगळे त्याला नुसतं भाई म्हणायचे. त्याचं गाव कुठलं, हे संपतलाही सांगता येईना.

संपत परत बोटीवर गेला नाही. वाडीतली राहिलेली घरंही एकेक करून माळावर आली. महिन्याभरात वरच्या वळणावर दुसरी बोट घरघरू लागली.

नव्या घराचा पाया आखायला संपत दोरी आणि खुंट्या घेऊन आला. नदीपासून किती लांब धरायचं, त्यानं विचारलं. म्हाळसा नदीकडं पाठ करून चालू लागली. शेड मागं पडलं, बाभळी मागं पडल्या.

"आये, आजून?"

"व्हय, आजून," ती म्हणाली आणि चालतच राहिली.