बाजाराच्या दिवशीची गोळी

घाईवाल्या बाई समोरच्या बाईचा हात हातात घ्यायच्या आणि बोटांच्या मुळाशी हलकेच दाबायच्या. ती कळवळली, की यांचाच चेहरा पडायचा. "कधीपासून?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही येवो, दुसरा ठरलेला: "मंग आतापरेंत काऊन थांबली?" आरमोरीच्या लहानशा दवाखान्यात त्या सांध्यांच्या डॉक्टर होत्या. नाव चांगलं होतं त्यांचं, पण आम्ही घाईवाल्याच म्हणायचो. एवढी काळजी करून माणूस जगतो तरी कसा, असं मला वाटे.

आमच्याकडे रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, दिवसभर चिखलात हात घालून बायांची बोटं आखडतातच. 'रोवणीचे हात' म्हणून सोडून द्यायची रीत. त्यावर बाईंचा नियम असा, की रोवणी संपल्यावरही सकाळी मूठ मिटत नसेल तर धान कापणीची वाट बघायची नाही, लगेच यायचं. "सांधा एकदा वाकडा झाला, का देवबी सरळ करत नाई," म्हणायच्या. गावोगावच्या नर्सबाईंकडून त्यांनी हे घोकून घेतलं होतं.

त्यामुळेच सकाळी मूठ मिटेना, तशी माझी आई वेळेत पोचली. ती वैनगंगेचे मासे विकायची. बोटं गेली तर मासे कापणार कोण आणि घर चालणार कसं? मी तर धास्तावलेच होते. बाईंनी गोळी दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. विसर पडू नये म्हणून सगळ्यांना सांगायच्या तसं आईलाही सांगितलं, "बाजाराच्या दिवशी घेजा." किती सोपं!

महिन्याभरात आईचं तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळवेना, अंगात ताप. बाईंनी तिला भरती केलं, रक्त तपासलं आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"कवा कवा घेतली गोळी?"

"बाजाराच्या दिवशी. आरमोरीच्या, वडशाच्या, वैरागडच्या."

अगं बाई! मासेवालीला एकच बाजार थोडाच असतो!

रोज रक्त तपासायचं, आणि पांढऱ्या पेशींचा आकडा कळेपर्यंत बाई व्हरांड्यात येरझारा घालायच्या. मी एकदा संतापून बोलले, "तुमच्याच नियमानं मरून राह्यली माही माय!" त्यांनी सफाई दिली नाही. "खरं आहे," म्हणाल्या. "नियम मीच केला. तिचे बाजार इचारले नाई."

आई वाचली, बोटंही वाचली. तेव्हापासून बाईंनी गोळीचा वारच ठरवून द्यायला सुरुवात केली. शिवाय पेशंटनं काय ऐकलं ते तिच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय कुणाला उठू द्यायच्या नाहीत. रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे. बाई ढिम्म.

पुढे त्यांची बदली झाली. नवे डॉक्टर तरुण, हुशार. आईला तपासून म्हणाले, "गोळी हप्त्यातून एकदा," आणि चिठ्ठी पुढे केली. आई जागची हलेना.

"झालं, मावशी."

"झालं नाई, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. "मले काय समजलं, ते तुम्ही इचारलंच नाई."