सुकटीचे हात

माझ्या थोरल्या जावेच्या लेकीचे गाल मला बघवत नसत. एवढंच खरं होतं, त्याला दुसरं गोड नाव देण्यात अर्थ नाही. तिची लेक माझ्या लेकीपेक्षा चार महिन्यांनी मोठी. अंगावर एक पुटकुळी नाही, ताटात पडेल ते खाणार, कोळंबीचं कालवण बोटं चाटून संपवणार. माझी लेक कोपरं खाजवून रक्त काढायची आणि ओट्यावर कोळंबी असली की मी तिला उचलून अंगणात न्यायची. अख्ख्या घरात तिच्या एकटीच्या भाताचं पातेलं वेगळं.

तिला पहिल्यांदा कोळंबीचा घास दिला तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. अंगावरचं इसब वाढेल या भीतीने तोवर मी मासळी तिच्या तोंडाला लागू दिली नव्हती. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घुरघुरायला लागला. रिक्षाने अलिबाग गाठेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. त्याच दिवशी, त्याच पातेल्यातलं खाऊन जावेची लेक ओटीवर खेळत होती. दवाखान्याच्या बाकावर बसून मला माझ्या लेकीची काळजी होती, आणि तिच्या लेकीचा राग येत होता. दीड वर्षाच्या पोरीचा.

पुढे मला कामही नेमकं तेच मिळालं. लहान मुलांना इसब आणि खाण्याची ॲलर्जी कशी सुरू होते याचा मुंबईच्या डॉक्टरांचा अभ्यास आमच्या भागात चालू झाला. मी गावोगाव फॉर्म घेऊन फिरायची. बाळाला तेल कुठलं लावलं, पहिला घास कधी दिला, कशाचा दिला, हे आयांना विचारायचं आणि बाळाच्या त्वचेचा फोटो काढायचा. नितळ अंगाच्या बाळाचा फोटो काढताना माझ्या पोटात दुखायचंच. अशा किती आयांशी मी कोरडेपणाने बोलले असेन, त्यांना बिचाऱ्यांना कारण कळलं नसेल.

डॉक्टर मॅडमनी आम्हाला सोप्या शब्दांत समजावलं होतं. अन्न तोंडावाटे पोटात गेलं तर बाळाच्या शरीराची त्याच्याशी ओळख होते. पण इसबाने त्वचेला बारीक भेगा पडलेल्या असतात. त्यांतून तेच अन्न आधी आत शिरलं, तर शरीर त्याला वैरी समजत असावं. एकेका मुलाच्या बाबतीत कारण हेच, असं छातीठोक सांगता येत नाही, हेही त्या म्हणाल्या. मी वहीत सगळं लिहून घेतलं. स्वतःच्या घराचा विचार मनात आला नाही.

माझी लेकही त्या अभ्यासात होती. मॅडम म्हणाल्या, "तिचा फॉर्म मनाने भरू नकोस. घरातल्या दुसऱ्या बाईला विचार. आया स्वतःच्या सोयीचं आठवतात." दुसरी बाई म्हणजे जाऊच. दुपारी जेवणं झाल्यावर मी तिच्यासमोर फॉर्म घेऊन बसले.

"ताई, पहिल्या सहा महिन्यांत बाळाची मालीश कोण करायचं?"

"तूच," ती म्हणाली. "मी मागितली व्हती. तू हात लावू दिला न्हाईस."

खरं होतं. आमच्या घरात बाळाला थोरल्या जावेने न्हाऊमाखू घालायचं, अशी रीत. तिचा हात हलका, असं सासूबाई येता-जाता सांगायच्या. मला ते सोसत नव्हतं. लेक तिच्या हाताला सरावेल, मग माझ्याकडे येणार नाही, असं वाटायचं.

पुढचा प्रश्न मी वाचला. "मालीश करण्याआधी ती व्यक्ती कुठलं काम करत असे?"

ताई म्हणाली, "सुकट निवडायची न्हाईस का तू?"

सासूबाई बाजारात सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, विकायच्या. ताईचा हात निवडण्यात भरभर चालतो, असं त्या कौतुकाने म्हणायच्या, म्हणून सवा महिना संपताच मीही सूप घेऊन बसायला लागले. बाळ उठलं, की ताईने उचलायच्या आत धावायचं. हात पदराला पुसायचे, तेलात बुडवायचे आणि लेकीच्या लाल, सोललेल्या गालांवर फिरवायचे. खूप तेल जिरवायची मी. रोज.

माझं पेन थांबलेलं ताईने बघितलं. मॅडमचं म्हणणं मी घरात हौसेने सांगितलेलं होतंच, तिला सगळं कळलं.

"मालीश मी करायचे असं लिव," ती म्हणाली. "मला कुठं कुनाला तोंड दाखवायचं हाय? तुला रोज त्या मॅडमसमोर हुभं ऱ्हायचं असतं."

त्या घडीला मला तिच्या मनाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तिच्या लेकीच्या गालांचाही कधी वाटला नव्हता. मी 'आई' या शब्दापुढच्या चौकटीत खूण केली.