मंजुळाबाईचे तीन दिवस

मंगळवार, १८ मार्च १९५८. सकाळचे पाच चाळीस. धुळ्यात पांझरेकाठी नवं कलाभवन उभं राहत होतं. त्याच्या शिडीवरून मंजुळाबाई डोक्यावर पाण्याने भरलेला घासलेटचा डबा घेऊन चढत होती. ही तिची नववी खेप. रंगमंचाच्या छताचा स्लॅब नुकता टाकला होता; त्यावर मातीचे वाफे केले होते, शेतात मिरचीला करतात तसे. त्यांत चार बोटं पाणी उभं ठेवायचं, हे तिचं काम. दिवसातून तीनदा, एकवीस दिवस. स्लॅब दहा तारखेला पडला, पाणी अकरापासून सुरू झालं. आज आठवा दिवस.

"अक्का, कोपऱ्यातला वाफा फुटलाय!" रुपचंद मिस्तरी खालून ओरडला. "नवा स्लॅब म्हणजे बाळंतीण. एक दिवस कोरडी राहिली तर जन्मभर कण्हेल."

"तुमनी बाळंतीन तुमीच सांभाळा, आबा. मना घर एक दुखनाईत शे, तोच माले पुरे."

तो दुखणाईत म्हणजे तिचा नवरा वना. चोपड्याकडचा माणूस. एका हातात डफ धरून वह्या गायचा, देवीची लांबलचक आख्यानं. जत्रेत त्याने आवाज लावला की पाळण्यांच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा, असं लोक सांगतात. पोटासाठी हंगामात तो धुळ्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढायचा. आता छाती गेली होती. दवाखान्यात क्षय सांगितला होता. तो खोपटात पडून असायचा आणि थुंकायला मडकं जवळ ठेवायचा.

स्लॅब टाकला त्या दिवशी रुपचंद खोपटावर डोकावला होता. कलाभवनाच्या कमिटीला एक काळजी होती : रंगमंचावरचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल का? सत्तर फूट अंतर. रुपचंद म्हणाला, "एकविसाव्या दिवशी स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या काढतो. मग वनाभाऊ, तुम्ही मधोमध उभे राहा आणि एक वही म्हणा. मी मागे भिंतीला पाठ लावून ऐकतो. कमिटीला सांगतो, पहिला आवाज आमच्या माणसाचा लागला."

वना त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी उठून बसला. डफ उन्हात ठेवला. संध्याकाळी भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून तो रोज विचारायचा, "कितला दिन व्हयनात?" ती सांगायची. चौथा. पाचवा. "तुना स्लॅबले दिनमा तीन आंघोळ्या," तो म्हणायचा, "आनि माले आठ दिनमा एकदाव!" ती हसायची. मग तो आतल्या आत, ओठ मिटून, चाल घोळवत राहायचा.

नवव्या दिवशी मडक्यात रक्त दिसलं. त्याने विचारलं, "कितला दिन?"

"बारावा," मंजुळाबाई म्हणाली.

ठरवून म्हणाली असं नाही. नऊ ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होईल, हे तिला ठाऊक होतं. बारा ऐकून तो म्हणाला, "मंग नऊच ऱ्हायनात," आणि पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी तेरावा सांगावा लागला. तीन दिवसांचं शेवटी काहीतरी सांगू, बल्ल्या काढायला इंजिनियर साहेब आला नाही म्हणू, असं तिने मनाशी धरलं. तोवर त्याला जरा बरं वाटेल. खोपटात पडलेल्या माणसाला तारीख कोण सांगायला येतंय?

शुक्रवारी, २८ मार्चला, दुपारचं पाणी घालून ती शिडी उतरली तर वना सभागृहाच्या दारात उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, बगलेत डफ, हातात शेजाऱ्याची काठी. तिच्या हिशेबाने अठरावा दिवस. त्याच्या हिशेबाने एकविसावा.

रुपचंद स्टेशनवर सिमेंट उतरवून घ्यायला गेला होता. रंगमंचावर अजून दोनेकशे बल्ल्या उभ्या, दाट, ऊस लावावा तशा. सभागृहात फळ्यांच्या थप्प्या, पेंढा, ओली गोणपाटं.

"मिस्तरी नहीत," ती म्हणाली. "सकाय या."

"सकाय मी शे का नही, कोन जाने." तो बल्ल्यांतून वाट काढत मध्यभागी गेला. "तू जाय तथा, भीतले. आयक."

ती भिंतीशी गेली. त्याने डफावर थाप मारली. वरून पाणी ठिबकत होतं; कातडं ओलावून बसलं. मग त्याने आवाज लावला. पहिली ओळ लाकडांत शिरली आणि तिथेच राहिली. त्याने डोळे मिटून दुसरी उचलली. शेवटच्या भिंतीशी मंजुळाबाईला नुसती पुटपुट ऐकू आली, शेजारच्या खोलीत कोणी बोलावं तशी.

तो थांबला. "आयकू ऊनं का?"

तिला हो म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. ती धावत पुढे आली. "हाई बल्ल्यास्नी खाई टाकं. गोनपाटं ओली शेत. आज एकवीस नही, अठरावा दिन शे. मी खोटं सांगेल व्हतं. तुम्हना आवाज गया नही!"

वनाने ओल्या डफावरून बोट फिरवलं. "मना आवाज गया, मंजुळा. तू माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन बोली ऱ्हायनी."

"देवीनी आन, अठरावा शे."

"कालदिन वीस सांगात तू. आज अठरा सांगस." तो हसला, खोकला. "उद्या सोळा सांगशी."

काठी टेकत तो घरी गेला. डफ त्याने तिच्याकडे दिला, तो परत मागितला नाही. रात्री रुपचंद येऊन समजावून गेला : बल्ल्या असल्या की आवाज मरतोच, सोमवारी पाहा. वनाने मान हलवली. रुपचंदलाही तिनेच पाठवलं असणार, असं त्याने धरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दिवस विचारला नाही. चालही घोळवली नाही.

रविवारी, ३० मार्चला, दुपारचं पाणी घालायला ती वर असताना शेजारीण धुरपदाबाई वना गेल्याचं सांगायला शिडीखाली येऊन उभी राहिली. मंजुळाबाईने हातातला डबा वाफ्यात ओतला आणि मग खाली आली. विसावा दिवस होता.

सोमवारी बल्ल्या निघाल्या. ती घरी होती. बुधवारी कामावर आली तेव्हा सभागृह झाडून मोकळं केलं होतं. रंगमंचावर कोणा हमालाच्या हातून लोखंडी घमेलं निसटलं. तो आवाज भिंतीपर्यंत गेला, तिथून घुमून परत आला. हमाल दचकला, बाकीचे हसले. त्यांचं हसणंही शेवटच्या कोपऱ्यापर्यंत नीट, सुटंसुटं ऐकू गेलं.

मंजुळाबाई दारात उभी होती. रुपचंद तिच्याजवळ आला.

"अक्का, कमिटीला मी वनाभाऊंचं नाव सांगतो."

"काय सांगशात?"

"पहिला आवाज त्यांचा लागला म्हणून."

"नका सांगू, आबा," ती म्हणाली. "त्यासले तो आयकू ऊना नही. आते खोटं नको."

तिने पदर खोचला आणि वाफ्यांसाठी माती कालवायला बसली. उद्या, गुरुवारी, सकाळी सात वाजता गॅलरीच्या स्लॅबचं काँक्रीट पडेल; पाणी घालायला मुकादमाने मंजुळाबाईचं नाव लावलं आहे.