गाडी टांगायची फांदी

आयुष्यात ज्या माणसाचा मी सर्वांत जास्त राग केला, तो माझ्याच परसात, माझ्याच मोटारीखाली उताणा पडलेला असे. सगळं नंदुरबार त्याला नही-मेस्तरी म्हणायचं. त्याला काहीही विचारा, उत्तराची सुरुवात 'नही'नेच व्हायची. "मेस्तरी, चहा लेशी का?" "नही. टाक अर्धा." "गाडी सकाय निंघी ना?" "नही. परवा दख." माझ्या लग्नाचं बोलावणं केलं तेव्हाही तो नही म्हणाला, आणि पंगतीला सर्वांच्या आधी येऊन बसला.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा नंदुरबार-विसरवाडी उतारू नेणाऱ्या माझ्या सर्व्हिस मोटारीला मी मागच्या बाजूला कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळशाच्या गॅसवर मोटार चालायची खरी, पण त्या भट्टीच्या भाराने मागच्या स्प्रिंगचे पाटे पंधरा दिवसांत बसायचे. दर वेळी धुळ्याला कोण जाणार? म्हणून घराच्या परसातच कारखाना काढला आणि हा माणूस नेमला. मोटारीशी तो फार अदबीने बोलायचा. "ऊठ वं माय, थकनी का?" असं म्हणत तिच्या बॉनेटवरून हात फिरवायचा. माझ्याशी मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. मालक कोण आणि नोकर कोण, हे आमच्या परसात येणाऱ्या परक्या माणसाला कधीच कळलं नसतं.

आमचं वैर पेटलं ते गाडी उचलायची कशी यावरून. एक जॅक आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर एवढ्यावर तो काम उरकायचा. खाली शिरण्याआधी डोक्यावरची काळी टोपी काढून बॉनेटवर ठेवायचा. खाली माणूस आहे, हे सर्वांना दिसावं म्हणून. पण जॅकचं बूड मातीत रुतायचं, गाडी एका अंगाला कलायची आणि खालून मला शिव्या ऐकू यायच्या. काहीतरी पक्की सोय हवी, यावर आमचं एकमत होतं. आमचं एवढंच एक मत जुळलं.

मी सुरतेला एका मोटारीच्या कारखान्यात खड्डा पाहिला होता. वर गाडी, खाली खड्ड्यात उभा कारागीर, काम कसं ऐटीत चाललेलं. मी तसाच खड्डा काढायचं ठरवलं.

"नही," मेस्तरी म्हणाला. "कायी जमीन शे ही. पानी पडनं का फुगस, ऊन पडनं का फाटस. हिन्हामा खड्डा टिकस का?"

"मंग काय करानं?"

"दगडना दोन ओटा बांध. उतार कर. गाडी आपली आपण चढी जाई. खाले बठीसन काम करसू."

ओट्यांनी निम्मं परसू जाणार होतं. आम्ही मिरच्या वाळत कुठे घालायच्या, हे त्याने विचारलं नाही. मी खड्डाच खणला, विटांनी बांधून घेतला. आषाढात काळी माती फुगली आणि दोन्ही भिंती पोट काढून एकमेकींकडे सरकल्या. श्रावणात त्या भेटल्याच. मेस्तरी काठावर उभा राहून पोट धरून हसला. मी त्याला हसताना तेव्हा एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्यावर. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी याचे ओटे बांधायचे नाहीत.

चैत्रात मी साखळीची कप्पी आणली. आमच्या परसात मोठा कडुनिंब होता. त्याची एक आडवी फांदी मांडीएवढी जाड होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी तिच्यावर झोका बांधत. सासरहून आलेल्या पोरी दिवसभर तिथे गात, झोके घेत. ही फांदी हत्तीलाही मोडायची नाही, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानलेलं.

"चार-चार पोरी एक टाइमले उभ्या ऱ्हातस या फांदीवर," मी म्हणालो. "मोटार आठेच टांगू."

"पोरी हलक्या शेतस. तुन्हा मोटारले भट्टी शे," तो म्हणाला. "अनि गाडीखाले मी जास, तू नही. कशी उचलानी ते मी सांगसू."

"मोटार मन्ही शे."

"मंग तूच जाय खाले."

पुढच्या आठवड्यात विसरवाडीला कुणाचा तरी ट्रक बंद पडला आणि मेस्तरी तिकडे गेला. मी संधी साधली. दोन हमाल बोलावले, फांदीला साखळी घातली आणि मोटारीचा मागचा भाग भट्टीसकट उचलला. फांदी करकरली, पण टिकली. मोटार मी दोन दिवस मुद्दाम तशीच टांगून ठेवली. मेस्तरी परतला की त्याला दिसावी म्हणून.

त्याने पाहिलं. आधी गाडी खाली घेतली, मग झाडावर चढला. बराच वेळ वर होता. उतरून म्हणाला, "फांदी वरथून फाटेल शे. आते झोका बांधू नको."

"तुले हार सहन व्हस नही," मी म्हणालो.

"वर चढ अनि दख."

मी चढलो नाही. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. फांदी फाटलेली निघाली असती तर खड्ड्यानंतर दुसऱ्यांदा त्याच्यासमोर तोंड पाडून उभं राहावं लागलं असतं. खालून पाहिली तर फांदी धडधाकट दिसत होती. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

आखाजीला माझी धाकटी बहीण मंजुळा तळोद्याहून दोन वर्षांनी माहेरी आली होती. सकाळी उठून पाहते तर मेस्तरी करवत घेऊन झाडावर. आम्ही धावेपर्यंत अख्खी फांदी पानांसकट परसात कोसळली. पोरी हातात दोर घेऊन उभ्याच राहिल्या. काही रडायला लागल्या. मंजुळा म्हणाली, "वरीसमा एक दिन ऱ्हास आमना. तो बी या मेस्तरीनी कापी टाका." सणाच्या दिवशी झोक्याची फांदी तोडणारा माणूस आमच्या भागात कुणी ऐकला नव्हता. गल्लीतले लोक जमले. मेस्तरी खाली उतरला आणि मी त्या सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. सणाच्या पाया पडायला आलेली माणसं दारात होती, तरी मारली. त्याने करवत उचलली, टोपी झटकली आणि चालता झाला. त्या दिवशी मात्र तो 'नही'सुद्धा म्हणाला नाही.

तीन दिवसांनी चुलीसाठी मी स्वतः ती फांदी फोडायला घेतली. पानं वाळून गळाली होती. साखळीच्या वणाशी साल खरवडली, तर वरच्या अंगाला हातभर लांब फाट होती. बोट आत जाईल एवढी. लाकूड अर्ध्यापर्यंत सुटलेलं. दोर नेमके त्याच्या पुढे बांधले जायचे. मंजुळा नेहमी पहिल्या झोक्याला उभी राहायची. कुऱ्हाड टाकून मी तिथेच बसलो. मग घरात कुणाला दिसण्याआधी तो तुकडा बारीक फोडला आणि जाळून टाकला.

त्या पावसाळ्याआधी मी दगडाचे दोन ओटे बांधले, उतारासकट. तो विसरवाडीला ट्रकांची कामं करतो असं कळलं, तेव्हा तिकडे गेलो. एका ट्रकखालून पाय दिसत होते, टोपी बॉनेटवर. शेजारी दोन ड्रायव्हर विडी ओढत होते. त्यांच्यासमोर मला बोलता येईना.

"मेस्तरी, मी ओटा बांधी टाका," मी म्हणालो.

खालून त्याने विचारलं, "दगड कोठेना?"

"नदीना."

"बरं."

मी माफी मागायला गेलो होतो. दगडाची चौकशी करून घरी आलो.

तो आमच्याकडे परत आला नाही. दोन वर्षांनी विसरवाडीलाच तापाने गेला. बातमी आली तेव्हा आखाजीचेच दिवस होते आणि मंजुळा माहेरी होती. या दोन वर्षांत ती दर सणाला त्याचा उद्धार करायची आणि मी गप्प बसायचो. मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं, की फांदी मी फाडली आणि तिला त्याने वाचवलं. मी ताटावर होतो. ती आमरस वाढत होती.

"गया का तो मेस्तरी?" तिने विचारलं. "बरं झायं."

"हां," मी म्हणालो, आणि वाटी पुढे केली.