शेवटची चौदा मिनिटं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी ज्येष्ठांसाठी सिनेमा असतो. सेक्रेटरी म्हणून लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि बावीस खुर्च्या माझ्याकडे. त्या रविवारी मी युद्धकैद्यांवरचा एक जुना परदेशी सिनेमा लावला होता. युद्धाविरुद्धचा, पण त्यात लढाई जवळपास दिसतच नाही. छावणी, थंडी, पातळ सूप आणि कैद्यांची रोजची मोजणी. मला तो फार आवडतो. प्रेक्षक नऊ आले.

स्पीकरची वायर सापडेना म्हणून सहाऐवजी सहा वीसला सुरुवात झाली. सिनेमा एक तास चौपन्न मिनिटांचा. म्हणजे आठ चौदाला संपणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. हॉल आठला बंद होतो. नियम माझाच. आदल्याच महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीच्या वाढदिवसाला मी बरोबर आठला गाणी बंद करायला लावली होती. तिच्या आईने मला जिन्यात गाठून ऐकवलं होतं की तुमच्या वेळी काय करता तेही बघू.

चौथ्या मजल्यावरचे काका पहिल्या रांगेत बसले होते. वय शहात्तर, सैन्यातून निवृत्त, लिफ्टची तक्रार सोडली तर फारसं न बोलणारे. पडद्यावर मोजणी सुरू झाली की तेही ओठ हलवून मोजत. एकदा पहारेकऱ्याच्या आधीच म्हणाले, "एक कमी आहे." मागच्या काकू हसून म्हणाल्या की सेक्रेटरी, मोजामोजीत तुम्हाला जोडीदार मिळाला बघा. मलाही बरं वाटलं.

पळालेला कैदी बर्फातून सरहद्दीकडे चालला होता तेव्हा आठ वाजले. मी सिनेमा थांबवला, दिवे लावले आणि उरलेली चौदा मिनिटं पुढच्या रविवारी दाखवतो म्हणालो. सगळे कुरकुरत उठले. काका बसून राहिले.

"तो पोचतो का रे?"

"काका, आत्ताच सांगितलं तर मजा जाईल ना."

"मजा राहू दे. पोचतो का, तेवढं सांग."

"सातच तर दिवस आहेत."

त्यांनी खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि गेले.

गुरुवारी ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शनिवारी मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्यांची सून बाहेर बाकावर बसली होती. तिच्याकडून कळलं की एकाहत्तरच्या लढाईत काका पकडले गेले होते आणि बरेच महिने पलीकडच्या छावणीत होते. त्यांच्या बराकीतला एक जण पळाला. सकाळच्या मोजणीत एक कमी भरला. काका पुढे सुटून आले, पण त्या माणसाचं काय झालं ते त्यांना कधीच समजलं नाही. घरात हे त्यांनी फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं, आणि त्या रविवारी जेवताना पुन्हा. सांगून झाल्यावर म्हणाले होते, "सेक्रेटरीला ठाऊक आहे, पण सांगत नाही."

मी सुनेबरोबर आत गेलो. ऑपरेशनपासून ते भ्रमात होते. कानाशी वाकून म्हणालो, "काका, तो पोचतो. सरहद्द ओलांडतो."

"कोण?"

मी सांगू लागलो, तोवर त्यांनी बोट उचलून खोलीतली माणसं मोजायला घेतली. मुलगा, सून, नर्स, मी. मोजून झाल्यावर म्हणाले, "एक कमी आहे."

आकडा चुकला की मी कुणालाही तिथल्या तिथे दुरुस्त करतो. तेव्हा मीही मनातल्या मनात पुन्हा मोजलं.

त्यांचा भ्रम उतरला नाही. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी ते गेले.

हॉस्पिटलात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, मी उरलेला सिनेमा दाखवला. आठ जण आले. बरोबर सहाला सुरू केला, सहा चौदाला संपला. सगळे गेले. हॉल बंद करायला अजून एक तास शेहेचाळीस मिनिटं होती.